साहेबांपुढे गप्प राहणे ही 'भारतीय संस्कृती' आहे काय?

विहारात रविवारी आम्ही मुलाखतीचा सराव घेतो. एम.कॉम., इंजिनिअरिंग झालेली मुले-मुली येतात. अभ्यास पक्का असतो. पण आम्ही मुद्दाम एखादे चुकीचे विधान केले की बहुतेक जण मान डोलावतात. नंतर विचारले तर म्हणतात, "सर, चूक कळली होती. पण तुमच्यापुढे कसं बोलणार?"

या गप्प बसण्याला व्यवस्थापनशास्त्रात एक नाव आहे, 'पॉवर डिस्टन्स'. म्हणजे सत्तेतले अंतर. हे अंतर देशोदेशी मोजण्याचे काम केले ते डच संशोधक गीर्ट हॉफस्टीड यांनी. ते मास्ट्रिख्ट विद्यापीठात प्राध्यापक होते, निवृत्तीनंतरही लिहीत राहिले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्या त्यांनी अभ्यासल्या. त्यातला एक प्रश्न असा होता, की साहेबांशी असहमती दाखवायला कर्मचारी किती वेळा घाबरतात? १९८० च्या त्यांच्या ग्रंथात भारताचा गुणांक ७७ आहे, अमेरिकेचा ४० आणि डेन्मार्कचा १८.

आकडा आपल्या अनुभवाशी जुळतो. काम शुक्रवारपर्यंत होणार नाही हे ठाऊक असूनही आपण "हो सर, करतो" म्हणतो. परदेशी साहेब त्या 'हो'चा अर्थ 'हो' असाच घेतो आणि सोमवारी घोटाळा होतो. वाईट बातमी वर पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो. हे समजून घ्यायला हॉफस्टीड नक्कीच उपयोगी आहेत, तरुणांनी ते वाचावेत.

आमचा आक्षेप पुढे आहे. एका कंपनीत नोकरीला असलेल्यांच्या उत्तरांवरून अख्ख्या देशाचा स्वभाव ठरतो कसा? आणि त्या काळी भारतात अशा नोकरीपर्यंत कोण पोहोचत होते? गुणांकात जात दिसत नाही. मग प्रशिक्षणवर्गात सांगितले जाते, की भारतीय माणूस मुळातच वरिष्ठांचा आदर करणारा. भीतीला आदर म्हटले की विषय संपला!

बाबासाहेब वाणिज्याच्याच कॉलेजात, मुंबईच्या सिडनहॅममध्ये, १९१८ ते १९२० प्राध्यापक होते. त्यांची व्याख्याने ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही येत. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. इथे पद सारखे होते, साहेब-कारकून असा प्रश्नच नव्हता. हे अंतर ७७ मध्ये कुठे बसवायचे?

'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या भाषणात ते संवादाच्या मुळाशीच जातात. समाजातल्या गटांचा एकमेकांशी मोकळा संपर्क हवा, एका भागातला बदल दुसऱ्या भागापर्यंत झिरपत गेला पाहिजे, असे ते मांडतात. त्यांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्युई यांच्या विचारांशी हे नाते सांगणारे आहे. म्हणजे संवाद तुटतो तो भिंतींमुळे. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येकाच्या वर कोणीतरी असतो आणि खालीही. म्हणून तोच माणूस वर बघून गप्प होतो आणि खाली बघून दरडावतो.

शिवाय भारतीय संस्कृती एकच कुठे आहे? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी आठवण करून दिली, की बौद्ध संघांना ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे ठाऊक होते. विनयातल्या महत्त्वाच्या कार्यात प्रस्ताव मांडून तीनदा घोषणा होते. मान्य असेल त्याने गप्प राहावे, मान्य नसेल त्याने बोलावे. तिथे गप्प राहण्याला अर्थ आहे, कारण आधी बोलायची मुभा तीनदा दिलेली असते. आपल्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये ती एकदाही मिळत नाही, तरी शांतता संमती म्हणून नोंदवली जाते.

अर्थात, 'नाही' म्हणण्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. आडनावावरून आधीच जोखल्या गेलेल्या मुलाला ती जास्त पडते. त्यामुळे 'बिनधास्त बोला' असा फुकटचा सल्ला आम्ही देत नाही. वाक्ये घोटून घेतो: "सर, माझ्याकडे आकडा वेगळा दिसतोय, एकदा ताडून पाहू का?" "शुक्रवारी अर्धे काम देतो, उरलेले मंगळवारी." शक्य तिथे बोलणे झाल्यावर दोन ओळींचा ईमेल.

गेल्या रविवारी एका मुलीने याच शब्दांत आमची चूक दाखवली. ती चूक आम्ही मुद्दाम केलेली नव्हती.