ओव्हनचे बटन खरे बोलते का?

आमच्या लहानपणी ईद जवळ आली की जुन्या नाशकात दूध बाजार, चौक मंडईच्या बाजूला डबे घेऊन बेकरीकडे निघालेली मुले दिसत. मैदा, रवा, तूप, पिठीसाखर घरची, भट्टी बेकरीवाल्याची. पत्रे आत सरकवण्यापूर्वी तो भट्टीच्या तोंडाशी हात धरून आच जोखायचा. त्या भट्टीला ना बटन होते ना आकडे, तरी नानकटाई क्वचितच करपायची.

आता आमच्यासारख्या बऱ्याच घरांत विजेचा छोटा ओव्हन आला आहे. गेल्या रमजानमध्ये मुलीने बटन १६० वर ठेवून तीन वेळा नानकटाई केली. तिन्ही वेळा बाहेरून काळी, आतून कच्ची! तुपाचा भाव काय सांगावा? अम्मी म्हणाल्या, "तिचं सगळं लक्ष मोबाइलमध्ये." आम्हीही तेच धरून चाललो. मुलीने साचे माळ्यावर टाकले आणि "मला नाही जमत," म्हणून विषय संपवला. शिक्षक असूनही आम्ही पेपर न तपासताच तिला नापास केले होते.

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सहकारी बाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "पण बटन खरं सांगतंय कशावरून?" त्यांनी सोपी परीक्षा सांगितली. ओव्हन १६० वर तापू द्यायचा, दिवा एकदा विझला की फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर मधोमध ठेवायची. साखर साधारण १८६ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे १६० ला ती पांढरी, कोरडी राहायला हवी. पंधरा मिनिटांनी दार उघडले तर वाटीत तपकिरी पाक!

असे का होते? अशा ओव्हनमध्ये बहुधा दोन धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे तापली की पट्टी वाकते आणि वीज तोडते. गार झाली की पुन्हा जोडते. ती किती तापल्यावर सुटावी हे बटनामागची दांडी ठरवते. बटन म्हणजे त्या दांडीवर बसवलेली प्लॅस्टिकची टोपी. दांडीची एक बाजू सपाट असते, टोपी फिरू नये म्हणून. टोपीला चीर गेली की ती दांडीवर सरकते. मग टोपी दाखवते एक आणि दांडी असते भलतीकडेच.

हे ओळखायला साखरही लागत नाही. बटन मागे पूर्ण फिरवा. त्यावरची रेघ बरोबर 'ऑफ'वर थांबली पाहिजे. आमची त्याच्याही पलीकडे गेली!

प्लग काढून, ओव्हन गार झाल्यावर आम्ही बटन सरळ ओढून काढले. आत चीर होतीच. आधी फॉइलच्या पट्टीची घडी घालून ते घट्ट बसवले, नंतर एम. जी. रोडच्या बाजूला तसेच नवे बटन मिळाले. चिकटवायचा गोंद मात्र वापरू नका. तो दांडीच्या फटीत उतरला तर दांडीच फिरेनाशी होते. वरचा आणि खालचा रॉड निवडायचे बटनही तपासा. ते सरकले तर एकच रॉड पेटतो आणि दोष पिठाला लागतो. मागचा पत्रा उघडून थर्मोस्टॅटशी खेळणे आपले काम नाही. तिथे २३० व्होल्ट असतात, ते मिस्त्रीवर सोडावे.

बटन बसले तरी आकडा अचूक झाला असे नाही. काही शे रुपयांत ओव्हनचा थर्मामीटर मिळतो. तो मधल्या जाळीवर ठेवून वीस मिनिटांनंतर दिवा लागतानाचे आणि विझतानाचे तापमान काचेतून वाचायचे. आमच्याकडे १६० वर काटा १५५ ते १८५ मध्ये हेलकावे खात होता, म्हणजे सरासरी १७०. एवढा फरक घरगुती ओव्हनमध्ये चालायचाच. तो रोज सारखा असला की झाले. रोज वेगळा आला तर मात्र थर्मोस्टॅट बदलावा लागतो.

साचे माळ्यावरून अम्मींनीच काढायला लावले. मुलगी आधी तयार होईना. मग तिनेच १५० जवळ नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि बारा नानकटाया आत ठेवल्या. अम्मी काचेसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या. पहिली त्यांनीच मोडून आतून पाहिली, अर्धी मुलीच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "ईदला दोन किलोची कर."