शेजारी बसण्याचे शिक्षण

दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या नोएडा, गुरुग्राम, गाझियाबादमधील शाळांत विशेष गरजा असलेल्या मुलाला शिकवण्याचे काम तिघींत वाटलेले असते. वर्गशिक्षिका सगळ्या वर्गाला शिकवते. विशेष शिक्षिका, म्हणजे शाळेच्या रोजच्या बोलण्यातली ‘स्पेशल एज्युकेटर’, मुलाची चाचणी घेते आणि त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, अर्थात ‘आयईपी’, आखते. तिसरी असते वर्गात मुलाच्या शेजारी बसणारी सहायक. तिला पालक आणि शिक्षक ‘शॅडो टीचर’ म्हणतात. या कामात बहुतेक स्त्रियाच दिसतात. पहिल्या दोघींच्या पात्रतेबद्दल नियम आहेत, न्यायालयांचे आदेशही आहेत. मुलासोबत सर्वाधिक वेळ घालवणाऱ्या तिसरीच्या तयारीकडे मात्र सर्वांत कमी लक्ष गेले आहे.

विशेष शिक्षकांसाठी दिल्लीत मोठा न्यायालयीन लढा झाला. ‘सोशल ज्युरिस्ट’ या संस्थेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २००९ मध्ये प्रत्येक शाळेत किमान दोन विशेष शिक्षक नेमण्याचा आदेश दिला. २०१५ मध्ये सीबीएसईने आपल्या संलग्न शाळांना विशेष शिक्षक नेमायला सांगितले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि समावेशक शिक्षण ही सरकारी व मान्यताप्राप्त शाळांची जबाबदारी ठरवली. दिल्लीच्या खासगी शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या ३ टक्के जागा अशा मुलांसाठी राखलेल्या असतात आणि त्या सोडतीने भरल्या जातात. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण घालून दिले. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने ते अधिसूचित केले. तरीही पदे मंजूर करून भरा, हे मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले.

हे प्रमाण उद्या तंतोतंत पाळले गेले, तरी दहा मुले वेगवेगळ्या वर्गांत विखुरलेली असतात. एकटी विशेष शिक्षिका आराखडा आखू शकते, आठवड्यातून काही तास मुलाला वेगळे शिकवू शकते. प्रत्येक तासाला त्याच्याजवळ असणे तिला अशक्य आहे. सहायकाची गरज इथे उभी राहते. खासगी शाळांत ही गरज पुष्कळदा पालकांच्या खिशातून भागते: तेच शॅडो टीचर शोधतात आणि तिचा पगारही देतात. ज्या घराला हा खर्च झेपत नाही, तिथल्या मुलाची शाळा एखाद्या आयाच्या किंवा मदतनिसाच्या भरवशावर चालते. स्वच्छता आणि ने-आण ही कामे ती मनापासून करते, पण वाचन-गणिताला हात कसा लावायचा हे तिला कोणी दाखवलेले नसते. मुलाला शिकण्याचा हक्क कायद्याने मिळाला आणि त्या हक्काची रोजची अंमलबजावणी घरच्या ऐपतीवर सोडली गेली, ही या व्यवस्थेतली सर्वांत अन्यायाची बाब आहे.

विशेष शिक्षक होण्याची वाट त्यामानाने स्पष्ट आहे. १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली भारतीय पुनर्वास परिषद अभ्यासक्रमांना मान्यता देते आणि उत्तीर्णांची नोंदणी करते. बारावीनंतर दोन वर्षांची विशेष शिक्षण पदविका किंवा पदवीनंतर विशेष बी.एड. हे मुख्य मार्ग. दिल्लीत जामिया मिलिया इस्लामिया आणि लेडी आयर्विन कॉलेज यांसारख्या ठिकाणी असे शिक्षण मिळते. जसोला भागात ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’चे राष्ट्रीय केंद्र आहे. मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत स्वमग्न मुलांची शाळा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण एकाच छताखाली चालते. सकाळी पुस्तकात वाचलेले दुपारी वर्गात करून पाहता येईल, अशी जागा या क्षेत्रात फार मोलाची असते.

कारण सहायकाचे काम पाहून, करून आणि चुका दुरुस्त करून घेऊनच येते. दुसरीतल्या गणिताच्या तासाचे उदाहरण घ्यावे. बाईंनी वह्या काढायला सांगितल्या आणि मूल खिडकीकडे पाहत बसले. नवखी सहायक पटकन दप्तरातून वही काढून देते. सूचना पाळली गेली, पण ती सहायकाने पाळली. शिकलेली सहायक आधी थांबते, मनात पाचपर्यंत मोजते. मग बाकावर चिकटवलेल्या चित्रपट्टीवरच्या वहीच्या चित्राकडे बोट दाखवते. तरी हालचाल नसेल तर दोनच शब्द बोलते: ‘गणिताची वही’. एवढ्यानेही जमले नाही, तरच मुलाच्या कोपराला हलका स्पर्श करून हात दप्तराकडे वळवते. पुढच्या आठवड्यात हीच मदत एका पायरीने कमी करायची असते. मदतीच्या अशा पायऱ्यांना ‘प्रॉम्प्ट’ आणि त्या हळूहळू काढून घेण्याला ‘फेडिंग’ म्हणतात. व्याख्या एका दुपारी पाठ होतात. पाच मोजेपर्यंत हात आवरायला मात्र कित्येक महिने लागतात, आणि तेही कोणीतरी मागे बसून पाहत असेल तर.

नोंद ठेवण्याचेही तसेच. मूल अचानक किंचाळले, तर ‘आज त्रास दिला’ या शेऱ्याने कोणाला काही कळत नाही. त्याच्या आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले, हे तीन रकान्यांत लिहायचे असते. पंधरवड्याच्या नोंदी विशेष शिक्षिकेने सहायकासोबत वाचल्या की एखादा धागा हाती लागतो: किंचाळणे दर वेळी मधल्या सुट्टीच्या घंटेच्या आसपासच होते, म्हणजे अडचण आवाजाची आहे. मग घंटा व्हायच्या दोन मिनिटे आधी मुलाला वर्गाबाहेर नेता येते. हे एकत्र वाचणे हाच प्रशिक्षणाचा गाभा. ते नसेल तर वह्या नुसत्या भरत राहतात.

देखरेखीविना जवळ बसण्याचे तोटेही आहेत. अमेरिकेतले अभ्यासक मायकेल जियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्येच दाखवले होते की सहायक सतत चिकटून राहिली तर मूल वर्गमित्रांपासून तुटते, तिच्यावर विसंबते आणि वर्गशिक्षिकाही त्याची जबाबदारी सोडून देते. म्हणून कुठे बसायचे हेही शिकावे लागते: मूल आणि त्याचा शेजारी यांच्या मधली जागा टाळून थोडे मागे, बाईंचा चेहरा मुलाला दिसेल असे. डबा खाताना आणि मैदानावर तर आणखी दूर. दिल्लीच्या कडकडडूमा भागातली अमर ज्योती ही शाळा १९८१ पासून अपंग आणि इतर मुलांना एकत्र शिकवते. मुले एकमेकांना मदत करू लागली की मोठ्यांना मागे सरकता येते, हे अशा शाळेत नवख्या सहायकाला डोळ्यांनी पाहायला मिळते.

सहायकाच्या पातळीवरचे औपचारिक प्रयत्न आता कुठे सुरू झाले आहेत. पुनर्वास परिषदेने मेलबर्न विद्यापीठाच्या साहाय्याने २०२१ मध्ये समुदायाधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आणला. तो पूर्ण करणाऱ्यांना ‘दिव्यांग मित्र’ म्हणतात. त्याचा रोख वस्ती आणि कुटुंबाकडे अधिक आहे, पण क्षेत्रकामातून शिकण्याची त्याची रीत शाळेलाही लागू पडते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांना नोकरी सांभाळून करता येतील अशा विशेष शिक्षणाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांची शिफारस केली आहे. इंग्लंडमध्ये शिक्षण-सहायकांसाठी पगारी शिकाऊ उमेदवारीची सोय आहे: उमेदवार शाळेत नोकरी करत शिकतो आणि शेवटी स्वतंत्र परीक्षकाकडून त्याचे मूल्यमापन होते.

भारतात शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. त्याचे नाव काढले की डोळ्यांपुढे आयटीआय आणि कारखाना येतो, परंतु २०१४ च्या दुरुस्तीने आस्थापनांना स्वतः अभ्यासक्रम आखून ‘ऐच्छिक व्यवसायां’त उमेदवार घेण्याची मुभा दिली, आणि २०१६ च्या राष्ट्रीय योजनेखाली विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलते. शाळेतल्या सहायकांसाठी या चौकटीचा गंभीरपणे विचार व्हायला हवा. त्यासाठी उमेदवार पालकांच्या नेमणुकीवर न राहता शाळेच्या पटावर यायला हवी. तिच्यावर नोंदणीकृत विशेष शिक्षिकेची देखरेख आणि आठवड्यातला एक ठरलेला तास दोघींसाठी राखलेला हवा. वर्षभरात तिने एकाहून अधिक प्रकारच्या गरजा असलेल्या मुलांसोबत काम करावे, कारण स्वमग्न मुलासोबत मिळालेला हातखंडा अंध किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी तसाच्या तसा चालत नाही. शौचालयात नेणे, भरवणे, फिट आल्यावर काय करायचे आणि मुलाच्या शरीराची खासगी मर्यादा कशी जपायची, हे पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवे. आणि हे वर्ष पुढे पदविकेसाठी धरले गेले, तर बारावी झालेल्या मुलीला सहायकापासून विशेष शिक्षिकेपर्यंतची वाट कमावता कमावता चालता येईल.