खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही

साखर कारखान्यांचा पट्टा पडला की पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ऊसतोड टोळ्या गावी परततात. आईबापांबरोबर फडावर गेलेली मुलंही परत येतात. तोवर वर्गात मैत्रीच्या जोड्या जमलेल्या असतात आणि हे मूल मागच्या बाकावर गप्प बसून राहतं. अशा मुलाला पुन्हा वर्गात मिसळवायला मला खो-खोइतका चांगला उपाय दिसत नाही. त्याला दोन खांब, थोडी फक्की आणि मोकळी जागा एवढंच लागतं.

या खेळाची खरी ताकद त्याच्या नियमांत आहे. आठ जण चौकांत बसतात, शेजारच्या दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. नववा पाठलाग करतो. त्याला मध्यरेषा ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तिकडे निसटतो. म्हणजे वर्गातला सर्वांत वेगवान मुलगासुद्धा एकट्याच्या जोरावर फार काही करू शकत नाही. पळणारा पलीकडे गेला की पलीकडे तोंड करून बसलेल्याला मागून खो द्यावाच लागतो. हात पाठीला लागला पाहिजे आणि 'खो' मोठ्याने ऐकू आला पाहिजे. बसलेला आधीच उठला तर फाऊल. एरवी वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलीलाही इथे ओरडावंच लागतं, आणि तिच्या आवाजावर दुसरं कुणीतरी झेपावतं.

पण नुसतं मैदानात सोडलं की मुलं आपोआप शिकतात, हे मला पटत नाही. दोन कप्तानांना आळीपाळीने गडी निवडायला सांगितलं की सर्वांत शेवटी कोण उरतं, हे सगळ्या वर्गाला दिसतं. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाकाव्यात. खांबाजवळच्या जागा सरावलेल्या मुलांना द्याव्यात, नव्याने आलेल्याला मधल्या चौकात बसवावं. सरावापुरता एक घरचा नियम ठेवावा: एका पाळीत प्रत्येकाला एकदा तरी खो मिळालाच पाहिजे. सुरुवातीला चपळ मुलं कुरकुरतात. हळूहळू कोण कुठे बसलंय हे ती पळता पळता बघू लागतात, आणि मला हवं असतं ते नेमकं हेच.

संरक्षणाला तिघांची तुकडी उतरते. आधी कोणी पळायचं, कोणी दम राखायचा, हे शिक्षकाने सांगू नये; दोन मिनिटं देऊन त्या तिघांनाच ठरवू द्यावं. पाळी संपली की सगळ्यांना गोल बसवून विचारावं, 'कुणाचा खो तुला वेळेवर मिळाला?' चूक कुणाची, हे विचारलं की भांडण पेटतं. सतत हुज्जत घालणाऱ्याच्या हाती एक दिवस पंचाची शिट्टी द्यावी. निर्णय देताना किती डोळे आपल्यावर असतात, हे त्याला कळतं.

कबड्डीचं वेड जिल्ह्यात मोठं आहे. 2024 मध्ये पुणेरी पलटणने प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा कप्तान होता आपल्याच जिल्ह्याचा अस्लम इनामदार. कबड्डीतही जोडीदाराने गुण मिळवला की बाद झालेला गडी परत मैदानात येतो, ही मोठी गोड तरतूद आहे. तरी बुजऱ्या मुलाची सुरुवात धक्काबुक्कीने होऊ नये, म्हणून आधी खो-खो.

मुलींबाबत जास्त जपावं लागतं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिलांनी महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला, हे मुलींना जरूर सांगावं. पण आठवीतली मुलगी खेळ सोडते तेव्हा बहुधा कारण साधं असतं: शाळा सुटल्यावर सरावाला थांबलं तर एसटी चुकते आणि घरी बोलणी बसतात. सराव शाळेच्या वेळातच, तासिकेत बसवला की पालकांची निम्मी हरकत मिटते.

वर्गावर्गांतले सामनेही दिवाळीनंतर ठेवू नयेत. तोवर टोळ्या पुन्हा कारखान्यांकडे निघालेल्या असतात आणि ज्याच्यासाठी खटाटोप केला ते मूलच संघात नसतं. गणपतीच्या आधी सामने उरकले तर त्याचंही नाव फळ्यावरच्या संघात लागतं.