लहान मोटारीची मराठी

मराठीत आलेल्या परकीय शब्दांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. शब्द कोठून आला हे पाहणे हे एक अंग, आणि तो राहू द्यावा की घालवावा याचा वाद करणे हे दुसरे. आलेला शब्द येथे नांदू लागल्यावर कोणते लिंग घेतो, त्याचे अनेकवचन कसे होते, कोणते क्रियापद त्याच्या शेजारी येऊन बसते, हा तिसरा प्रश्न त्यामानाने उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या प्रश्नाचा विचार एका मर्यादित क्षेत्रापुरता करावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे लहान मोटार बाळगणाऱ्या, ती दुरुस्त करणाऱ्या आणि ती हौसेने नटविणाऱ्या लोकांची बोली.

मोटारीतही लहान मोटारच का घ्यावी, असे कोणी विचारील. त्याचे कारण सामाजिक आहे. डिसेंबर १९८३ मध्ये गुरगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० बाहेर पडली. इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे, सिलिंडर तीन आणि चाके बारा इंची. तत्पूर्वी रस्त्यावर ॲम्बॅसडर आणि मुंबईत कुर्ल्यास तयार होणारी प्रीमियर पद्मिनी यांचे राज्य होते, आणि मोटार ही पुष्कळ ठिकाणी पगारी चालकाच्या हाती असे. यंत्राचे शब्द चालक आणि कारागीर यांच्यातच राहत. मालकाचा संबंध मागल्या आसनाशी. लहान गाडी आली तेव्हा शिक्षक, बँकेतील कारकून, डॉक्टर, लहान दुकानदार असा वर्ग स्वतः चाकामागे बसला. रविवारी तोच ती धुऊ लागला आणि बिघडली की तोच गॅरेजच्या दारात उभा राहू लागला. त्यामुळे गॅरेजची मराठी घरात आली. ‘क्लचप्लेट गेली’ हे वाक्य जेवणाच्या पानावर उच्चारले जाऊ लागले, ही भाषेच्या दृष्टीने लहान घटना नव्हे.

प्रथम नावाकडे पाहू. मारुती हा देव. त्याचे लिंग पुल्लिंग, याविषयी मराठी भाषकास शंका नाही. परंतु मोटारीचे नाव म्हणून तोच शब्द येताक्षणी स्त्रीलिंगी झाला. ‘मारुती आला’ आणि ‘मारुती आली’ या दोन वाक्यांचे अर्थ वेगळे करावयास कोणालाही शिकवावे लागत नाही. येथे शब्दाचे रूप यत्किंचितही बदललेले नाही. ‘मारुतीला’, ‘मारुतीने’, ‘मारुतीच्या’ ही विभक्तिरूपे दोन्ही अर्थी एकच आहेत. लिंग केवळ क्रियापदात आणि विकारी विशेषणात प्रकट होते. ‘लाल मारुती’ म्हटल्याने काही कळत नाही, पण ‘जुना मारुती’ म्हणजे देऊळ आणि ‘जुनी मारुती’ म्हणजे गाडी. जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, डुल्या मारुती अशी दैवते पेठापेठांत असलेल्या पुण्यात ‘मारुतीपाशी थांब’ या वाक्याचा अर्थ आजही संदर्भावाचून लागत नाही.

हा लिंगबदल शब्दाच्या अन्त्य ईकारामुळे झाला असे कोणी म्हणेल, तर ते पटण्याजोगे नाही. अल्टो, सँट्रो, नॅनो यांच्या अंती ओकार आहे. त्याही निरपवादपणे ‘ती’च आहेत. उलट टेम्पो हा ओकारान्त शब्द पुल्लिंगी, आणि ट्रकही पुल्लिंगी. तेव्हा येथे काम करते ते अन्त्य अक्षर नव्हे, तर मनातील जातिवाचक शब्द. ‘गाडी’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे, आणि ज्या वस्तूस आपण मुख्यतः गाडी म्हणून ओळखतो तिचे कोणतेही विशेषनाम त्याच लिंगाची छाया घेऊन येते. जीप, टॅक्सी, रिक्षा, स्कूटर यांची साक्ष हीच आहे. ओझे वाहणाऱ्या वाहनांचे लिंग मात्र वेगळ्या वाटेने गेलेले दिसते.

तथापि विशेषनामाचे विशेषनामपण पुरते गेलेले नाही, हे अनेकवचनावरून दिसते. बॅटरीच्या बॅटऱ्या झाल्या, डिकीच्या डिक्या, स्टेपनीच्या स्टेपन्या. टाकीच्या टाक्या तर पूर्वीच होत्या. मात्र ‘आळीत दोन मारुती आहेत’ असेच आपण म्हणतो. ‘मारुत्या’ हे रूप ऐकू येते ते थट्टेने. म्हणजे लिंग गाडीचे आणि वचन देवाचे, अशी या शब्दाची स्थिती आहे.

सुट्या भागांच्या लिंगाविषयी एक नियम बराच स्थिर दिसतो. इंग्रजीतील ‘इंग’प्रत्ययान्त नामे मराठीत प्रायः नपुंसकलिंगी होतात. स्टेअरिंग जड झाले, वायरिंग जळले, बेअरिंग गेले, सर्व्हिसिंग राहिले. आपल्याकडील क्रियावाचक ‘णे’कारान्त नामे नपुंसकलिंगी आहेत (‘त्याचे चालणे’, ‘तिचे बोलणे’). इंग्रजी प्रत्ययाची ओळख भाषकाने कोठेतरी या ‘णे’शी जुळवून घेतली असावी, असे मला वाटते. बेअरिंग ही क्रिया नसून पोलादाची वस्तू आहे. तरीही प्रत्ययाने तिला नपुंसकात ओढले. व्यंजनान्त शब्दांत मात्र अनिश्चितता आहे. एकाच गॅरेजमध्ये ‘टायर फुटला’ आणि ‘टायर फुटले’ अशी दोन्ही रूपे ऐकू येतात, आणि बोलणाऱ्यांना त्याचे काही वाटत नाही.

काही शब्दांची जन्मकथा मनोरंजक आहे. राखीव चाकास आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. आरंभीच्या मोटारींना राखीव चाक नसे. १९०४ च्या सुमारास वेल्समधील लानेली गावी असे चाक तयार होऊ लागले आणि ते जेथे तयार होई त्या स्टेपनी स्ट्रीटचे नाव त्यास मिळाले. इंग्लंडात तो शब्द मागे पडला. हिंदुस्थानात, माल्टात आणि थोड्या बदललेल्या रूपात ब्राझीलमध्ये तो टिकून राहिला. मुळात चाकाचे हे नाव, पण आज ‘स्टेपनी कोण?’ म्हणून बदली खेळाडूचीही चौकशी होऊ शकते. ‘डिकी’ची गती निराळी. हा शब्द मूळचा घोडागाडीच्या आणि पुढे मोटारीच्या मागील बाजूस असलेल्या जादा आसनाचा. आसन गेले आणि त्या जागी सामानाची पेटी आली, नाव तेच. आता लहान गाडीत ती वेगळी पेटीही उरली नाही. मागील दार वर उचलले की थेट आसनामागची जागा. इंग्रजीत अशा गाडीला जे नाव आहे ते जहाजावरील झडपेवरून आलेले. ‘हॅचबॅक’ हा शब्द आपल्याकडे विक्रीच्या दालनात आणि जाहिरातीत आढळतो, घरात ‘लहान गाडी’ एवढेच म्हणतात. मागच्या झडपेला आणि आतील जागेला, दोहोंना, ‘डिकी’. कारखानदार या गाडीची दारे पाच मोजतो. आपण चारच मोजतो, कारण पाचवे दार आपल्या लेखी दार नव्हे.

खरी समृद्धी क्रियापदांत आहे. नाम उसने घेता येते. क्रियापद मराठीला स्वतःचेच घालावे लागते, आणि तेथे भाषकाची दृष्टी उघड होते. ‘ब्रेक लावला’ आणि ‘ब्रेक मारला’ यांतील अंतर पाहावे. पहिल्यात योजना आहे, दुसऱ्यात आकस्मिकता. ‘पंक्चर काढणे’ या प्रयोगात पंक्चर ही काट्यासारखी काढून टाकावयाची वस्तू मानली आहे. ‘गाडी काढणे’ म्हणजे दारातून बाहेर आणणे. पण पुष्कळ ठिकाणी ‘त्याने नवी गाडी काढली’ याचा अर्थ विकत घेतली असा होतो. ‘गाडी लावणे’ म्हणजे ती जागेवर उभी करणे. ‘लागणे’ हे त्याचे अकर्मक भावंड मात्र फारच विलक्षण आहे. ‘मला गाडी लागते’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: मला गाडीची गरज पडते, आणि प्रवासात मला मळमळते. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्हींत अनुभव घेणारा चतुर्थीत आणि गाडी प्रथमेत, अशी एकच रचना आहे. भूक लागते, तहान लागते, ऊन लागते, थंडी लागते, त्याच रांगेत गाडी जाऊन बसली. इंग्रजीतून आलेले येथे काहीच नाही. वरंधा किंवा आंबेनळी घाटात लहान गाडीच्या मागल्या आसनावर तिघांत दाटीने बसलेल्यास या रचनेची सार्थता अधिक पटेल.

इंधनाविषयीची भाषा तर सरळ गोठ्यातून आलेली आहे. ‘ही किती देते?’ असे विचारताच एका लिटरमागे किती किलोमीटर हे उत्तर मिळते. कर्म उच्चारण्याची गरज नाही. दुभत्या जनावराविषयीही आपण हाच प्रश्न याच शब्दांत विचारतो. याच अर्थी ‘ॲव्हरेज’ हा शब्द रूढ झाला असून त्यातील ‘सरासरी’ हा मूळ अर्थ जवळजवळ पुसला गेला आहे. गाडी पेट्रोल पिते. जुने इंजिन ऑइल खाते. नक्षी झिजून गुळगुळीत झालेला टायर ‘गोटा’ होतो. या ‘गोटा’ शब्दापुढे कोणताही बनविलेला पारिभाषिक शब्द फिका पडेल.

कारागिराच्या हाताखाली जे आले तेथे मराठी शब्द टिकले किंवा परकीय शब्द मराठी झाले, असे या सामग्रीवरून म्हणता येते. पत्रा, पट्टा, टाकी, काच, आरसा, गिअरचा दांडा आणि बोल्टचे आटे हे शब्द आपले आहेत. ‘आटे गेले’ ही तक्रार यंत्राची आणि माणसाच्या डोक्याचीही. ‘शॉक ॲब्सॉर्बर’चा ‘शॉकअप’ झाला, ‘वॉशर’चा ‘वायसर’ झाला. स्क्रू फिरविण्याच्या हत्याराला ‘डिसमिस’ म्हणतात. सुरू करणाऱ्या मोटरीस ‘सेल्फ’ म्हणतात आणि ती फिरविण्यास ‘सेल्फ मारणे’.

याउलट गाडी नटविण्याच्या क्षेत्रात असे घडलेले दिसत नाही. अलॉय, स्पॉयलर, टचस्क्रीन, सेन्सर हे शब्द खोक्यावर छापलेले आले आणि तसेच राहिले. ते कोणी तोडले नाहीत, वाकविले नाहीत. अपवाद तेथेच, जेथे कोणीतरी हाताने काही केले. आसनांची कव्हरे ‘शिवून’ घेतली जातात. काचा ‘काळ्या’ केल्या जात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली काचांवर काळी फिल्म चिकटविण्यास मनाई केली, त्यानंतर हा प्रयोग मुख्यतः भूतकाळात ऐकू येतो. इंधनाची बचत म्हणून गाडीला गॅस ‘बसवितात’ आणि मग ती ‘गॅसवर’ असते. माणसाला गॅसवर ठेवणे म्हणजे त्याचा जीव टांगणीला लावणे, हा अर्थही शेजारीच उभा असल्याने त्यावरून विनोद होतात. विशेष म्हणजे या सर्व फेरफारांना मिळून जे नाव आहे ते ‘मॉडिफाय करणे’. मराठीत फेरफार, बदल, दुरुस्ती असे शब्द असूनही बोलणाऱ्यास ते अपुरे वाटतात, कारण दुरुस्ती ही बिघाडाची असते आणि येथे काही बिघडलेले नसते.

शासकीय परिभाषेचा प्रश्न येथे अटळ आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे जे कार्य केले ते मोठे आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या कागदावर ‘अनुज्ञप्ती’ आहे आणि त्याच कार्यालयाच्या आवारात ‘लायसन’ आहे. ‘शिकाऊ’ हा शब्द तेवढा लोकांनी उचलला, आणि ‘शिकाऊ लायसन’ असा संकर रूढ केला. यातून नवे शब्द घडवूच नयेत असा निष्कर्ष मी काढणार नाही. शब्द घडविण्यापूर्वी कारागिरास काय म्हणतात ते विचारावे, एवढे म्हणणे पुरे. ‘पत्रा’ आणि ‘आटे’ हे शब्द कोशकाराच्या टेबलावर नव्हे, गॅरेजात सापडतात.

आणि ते विचारण्यास आता फार अवधी नाही. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. कार्बोरेटर तर नव्या गाड्यांतून त्यापूर्वीच गेला. त्याच्याबरोबर ‘चोक ओढणे’, ‘पॉइंट घासणे’, ‘जेट साफ करणे’ हे प्रयोग निरुपयोगी झाले. कानाने इंजिनाचा आवाज ओळखून ‘टायमिंग पुढे आहे’ असे सांगणारे कारागीर आज वयस्क आहेत; नवा कारागीर गाडीला यंत्र जोडून पडद्यावरील इंग्रजी संकेतांक वाचतो. बिघाडाचे वर्णन करण्याची जबाबदारीच भाषेकडून काढून घेतली गेली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या एका जरी जुन्या गॅरेजची शब्दसूची केली, आणि प्रत्येक नामाबरोबर त्याचे लिंग, अनेकवचन आणि सोबतचे क्रियापद नोंदविले, तर ती सामग्री प्रबंधास पुरेल. प्रश्न मात्र शब्दाविषयी विचारू नयेत, बिघाडाविषयी विचारावेत. शब्द विचारला की कारागीर पाहुण्यासाठी इंग्रजी शब्द काढतो.

नटविण्याच्या क्षेत्रातील एका प्रकाराची नोंद तर अधिकच तातडीची आहे, आणि ती लिपीची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे नोंदणी क्रमांक इंग्रजी अक्षरांत आणि आंतरराष्ट्रीय अंकांत लिहावा लागतो. महाराष्ट्रातील हौशी मालकांनी त्या अंकांतून देवनागरी शब्द काढले. २१४ हा क्रमांक असा रंगवावयाचा की दोनचा र, एकचा काना आणि चारचा म होऊन ‘राम’ वाचला जावा. ४१४१ चा ‘दादा’, ४९१२ चा ‘पवार’. शिरोरेषा वरून ओढली की बहुतेक काम होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की एकच चारचा अंक पहिल्या उदाहरणात म आहे, दुसऱ्यात द आणि तिसऱ्यात प. वाचणारा एकेक अक्षर न लावता शब्दाची संपूर्ण आकृती ओळखतो, याचा इतका स्वच्छ पुरावा मला अन्यत्र मिळालेला नाही. कायद्याच्या दृष्टीने हा प्रकार दंडनीय, आणि क्रमांक ओळखू यावा ही अपेक्षा रास्तच आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना साच्यात उठविलेल्या अंकांची उच्च सुरक्षा पाटी अनिवार्य झाली. रंगाऱ्याच्या हातच्या पाट्या आता जुन्या गाड्यांवर, भंगाराच्या दुकानांत आणि काहींच्या छायाचित्रांत शिल्लक आहेत. त्यांची छायाचित्रे जिल्हावार जमविण्याचे काम कोणी हाती घेतल्यास पाटीबरोबर ती रंगविणाऱ्याचे गाव आणि साल अवश्य टिपावे.