चाळीतील खोली : मर्यादित जागेचा विनियोग

एका रांगेत बांधलेल्या, सामाईक सज्जात किंवा बोळात उघडणाऱ्या आणि नळ, संडास व जिना यांची सोय सामाईक असलेल्या एक-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांची बहुमजली इमारत म्हणजे चाळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्यांच्या वाढीबरोबर हा गृहप्रकार मुंबईत रूढ झाला. बिऱ्हाडाची खोली सामान्यतः १० ते १५ चौ. मी. क्षेत्रफळाची असे. तेवढ्या जागेत स्वयंपाक, स्नान, भोजन, निद्रा, अभ्यास, देवपूजा, आजारपण आणि पाहुणचार ही सर्व कार्ये पार पडत. लहान घरातील जागेच्या विनियोगाचा विचार बहुधा फर्निचर व साठवण यांच्या अंगाने केला जातो. चाळीतील खोलीकडे पाहता असे दिसते, की तेथे जागा मुख्यतः दोन मार्गांनी मिळविली गेली : एकच जमीन दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी निरनिराळ्या कामांना लावून आणि खोलीबाहेरची जागा घराच्या कामी आणून. सामानाच्या योजनेचा क्रम त्यानंतर लागतो.

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ मध्ये झाली. पुढील चार दशकांत कोकण, घाटमाथा आणि इतर भागांतून आलेल्या कामगारांसाठी खाजगी मालकांनी गिरण्यांच्या आसपास चाळी उभारल्या. १८९६ च्या प्लेगच्या साथीमुळे दाट वस्तीचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा न्यास (इंप्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाला. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) वरळी, नायगाव, डिलाइल रोड (सध्याचा ना. म. जोशी मार्ग) व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. प्रबलित काँक्रीटच्या या तीनमजली इमारतींत तळमजल्यासह प्रत्येक मजल्यावर मधोमध बोळ व त्याच्या दोन्ही बाजूंस खोल्या आहेत. एकेका खोलीचे क्षेत्रफळ सु. १६० चौ. फूट, म्हणजे १५ चौ. मी.पेक्षा किंचित कमी आहे.

खोलीचे गणित रात्रीच्या झोपेवरून मांडणे सोयीचे ठरते. प्रौढ माणसाच्या अंथरुणाला सु. ६ × २.५ फूट, म्हणजे १५ चौ. फूट जमीन लागते. १० × १२ फुटांच्या खोलीत आठ अंथरुणे पसरली, की जमीन संपते. मोरी, चुलीचा कोपरा, पाण्याचे पिंप, मांडणी आणि दार उघडण्यापुरती मोकळी जागा वजा केली, तर पाच-साडेपाच अंथरुणांपुरतीच जमीन उरते. आई-वडील, चार-पाच मुले, आजी आणि गावाहून नोकरीच्या शोधात आलेला एखादा भाचा असे कुटुंब असले, तर दोन-तीन माणसांची व्यवस्था खोलीच्या जमिनीवर होणे अशक्य असते. चाळीतील घरमांडणीच्या बहुतेक युक्त्या या तुटीतून निघालेल्या आहेत.

पहिली युक्ती वेळेची. चाळीत खोलीला ‘स्वयंपाकघर’, ‘शयनगृह’ अशी कायमची नावे नसत. ती पहाटे न्हाणीघर, सकाळी स्वयंपाकघर, दुपारी निवडण-टिपणाची व विश्रांतीची जागा, संध्याकाळी अभ्यासिका आणि रात्री निजघर होई. हे घडावे म्हणून प्रत्येक कामाचे साहित्य काम संपताच उचलले जाणे आवश्यक असे. पाट भिंतीला टेकवून उभे राहत, सतरंजी गुंडाळली जाई, अंथरूण-पांघरुणाची वळकटी करून ती ट्रंकांवर रचली जाई. बसून करावयाच्या स्वयंपाकाचा येथे मोठा उपयोग झाला. शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह, परात आणि विळी बाजूला सारून जमीन पुसली, की तीच जमीन जेवणाच्या पंगतीला आणि नंतर अंथरुणांना मिळे.

या वेळेच्या विभागणीचे एक नोंदविलेले उदाहरण डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेतील आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत असे. भीमराव संध्याकाळी लवकर झोपत. वडील रामजी जागे राहत, पहाटे दोनच्या सुमारास मुलाला अभ्यासासाठी उठवीत आणि मग स्वतः त्या जागी आडवे होत, असे चरित्रात नमूद आहे. येथे वाटून घेतलेली वस्तू अंथरूण एवढीच नाही. इतर माणसे झोपलेली असतानाची शांतता, हीसुद्धा गर्दीच्या खोलीत जागेइतकीच दुर्मिळ असते.

गिरण्यांत पाळ्या सुरू झाल्यावर ही पद्धत अधिक काटेकोर झाली. एकाच गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोल्यांत रात्रपाळीहून परतलेला कामगार दिवसपाळीला गेलेल्याच्या जागी झोपे. प्रत्येकाच्या मालकीची जागा म्हणजे भिंतीशी ठेवलेली ट्रंक, एक खुंटी आणि वळकटी. दक्षिण मुंबईतील धोबीतलाव परिसरात गोव्याच्या गावोगावच्या लोकांनी चालविलेली ‘कूड’ ही निवासस्थाने अशाच तत्त्वावर उभी राहिली. बोटीवरच्या नोकरीसाठी महिनोन्‌महिने समुद्रावर असणाऱ्या माणसाला कायमची खोली नको होती. पेटी ठेवायला आणि परतल्यावर चटई पसरायला हक्काचा कोपरा त्याला पुरेसा होता.

सामानाच्या योजनेत जमिनीवरील प्रत्येक वस्तूकडून किमान दोन कामे घेतली जात. लोखंडी खाटेचे पाय विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर चढविले, की तिच्याखाली ट्रंका व धान्याचे डबे मावत आणि रात्री एखादे मूल झोपू शके. ट्रंकांच्या उतरंडीवर चादर घातली, की पाहुण्यांना बैठक होई. याहून मोठी बचत भिंतींनी केली. भांड्यांची मांडणी, कोनाडे, फळ्या, खुंट्या, देव्हारा व छताजवळ आडवी टांगलेली कपड्यांची दांडी यांमुळे वस्तूंचा भार जमिनीवरून भिंतीवर गेला. जुन्या चाळींतील खोल्या पुरेशा उंच असल्याने पोटमाळा घालता येई. ११ फूट उंचीच्या खोलीत ६.५ फुटांवर पोटमाळा घातल्यास वर सु. ४ फुटांची पोकळी मिळते. तीत वर्षाचे धान्य, जळण, लोणच्याच्या बरण्या, गाद्या आणि गणपतीची मखर ठेवीत. पुढे तेथे मुलांचा अभ्यास आणि झोपही होऊ लागली. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार माळा ही केवळ साठवणीची जागा असून त्याची कमाल उंची १.५ मी. ठरविलेली आहे. त्यावर माणसे झोपविणे तिला अभिप्रेत नाही, आणि यामागची कारणे सबळ आहेत : छपराखाली साठणारी उष्णता, अपुरे वायुवीजन, जुन्या लाकडी तुळयांवर पडणारा भार आणि आग लागल्यास एकाच शिडीवरून करावी लागणारी सुटका.

साठवणीचा प्रश्न सेवांच्या उणिवेशी निगडित असतो, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. नळाला दिवसातून तास-दोन तासच पाणी येत असेल, तर पिंप, हंडे व कळश्या यांना खोलीतील जमीन द्यावी लागते. पाणी दिवसभर आले असते, तर तेवढी जागा आपोआप मोकळी झाली असती. याउलट कोपऱ्यावरचा वाणी उधारीवर पावशेर-अर्धा शेर जिन्नस देई, तेव्हा खोलीचे कोठार वस्तुतः त्याच्या दुकानात असे. स्वयंपाकाचा गॅस आल्यावर सिलिंडरपेक्षा शेगडी उंचावर ठेवणे सुरक्षिततेसाठी आवश्यक झाले आणि ओटा घरोघर आला. ओट्याने जमिनीचा एक तुकडा कायमचा घेतला. मात्र वाकून व उकिडवे बसून काम करणाऱ्या स्त्रीला त्याने जो आराम दिला, तो पाहता हा व्यवहार तोट्याचा म्हणता येणार नाही.

लहान घराचा प्रश्न इतरत्रही हाताळला गेला. जर्मनीत फ्रँकफुर्ट येथील सार्वजनिक घरबांधणीसाठी मार्गारेट शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने १९२६ मध्ये केवळ १.९ × ३.४ मी. आकाराच्या स्वयंपाकघराची योजना केली आणि तशी सु. १०,००० स्वयंपाकघरे बांधण्यात आली. एका व्यक्तीची पावले व हालचाली मोजून प्रत्येक फळी व खण तेथे ठरविलेला होता. त्या योजनेत जागा कामापुरती आखडून घेतली आहे आणि तीत दुसरे काही करता येत नाही. पारंपरिक जपानी घर चाळीतील खोलीला अधिक जवळचे आहे. तातामी चटयांच्या जमिनीवर दिवसा बैठक असते आणि रात्री भिंतीतील कपाटातून गाद्या काढून अंथरल्या जातात. फरक असा, की जपानी घरात गाद्यांसाठी खोल कपाट मुळातच बांधलेले असते. चाळ बांधणाऱ्या मालकाने किंवा सरकारी खात्याने अशी तरतूद केली नाही; ती भाडेकरूंनी आपल्या खर्चाने व कल्पकतेने केली.

दुसरा मार्ग खोलीच्या दाराबाहेर सुरू होतो. चाळीचा सज्जा हा येण्याजाण्याचा रस्ता असला, तरी व्यवहारात तो प्रत्येक बिऱ्हाडाचा पुढचा भाग होता. तेथे कपडे वाळत, पापड-कुरडया सुकत, तुळशीची कुंडी असे, म्हातारी माणसे दिवसभर बसत आणि उन्हाळ्यात पुरुष व मुले झोपत. वर केलेल्या गणितातील दोन-तीन अंथरुणांची तूट मुख्यतः सज्जानेच भरून काढली. बीडीडी चाळींतील अंधाऱ्या बोळांचाही असाच उपयोग झाला. जिना, गच्ची व अंगण यांत मुलांचे खेळ, लग्नाच्या पंगती, सार्वजनिक गणेशोत्सव आणि सभा होत. एकट्या कामगारांचा स्वयंपाक खाणावळींनी आपल्याकडे घेतला. या खाणावळी बहुतांशी गिरणगावातील स्त्रिया आपल्या खोलीतच चालवीत. अशा स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली.

या व्यवस्थेचे कौतुक करताना तिची किंमत नजरेआड होते. जागा वेळेनुसार वाटावयाची, तर कोणाला तरी इतरांच्या वेळा सांभाळाव्या लागतात. हे काम घरातील स्त्रीकडे होते. अंथरुणे पसरल्यावर सर्वांत शेवटी आडवी होणारी आणि नळ येण्याआधी उठणारी तीच. मोरीला पूर्ण उंचीची भिंत नसल्याने पुरुष जागे होण्यापूर्वी किंवा कामावर गेल्यावर स्नान उरकणारीही तीच. नवविवाहित जोडप्याला खोलीत एकांत देणे म्हणजे उरलेल्या कुटुंबाने सज्जात किंवा शेजारी झोपणे होय. आजारी माणसाला वेगळे ठेवता येत नसे. दाटीवाटीने आणि कोंदट हवेत झोपण्यामुळे क्षयरोगाच्या प्रसाराला अनुकूल परिस्थिती मिळे. यांपैकी कोणतीही अडचण चांगल्या कपाटाने सुटण्यासारखी नव्हती.

खोलीतील दाटी पिढ्यान्‌पिढ्या टिकण्यास भाड्याचा कायदाही कारणीभूत झाला. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने भाडी सर्वसाधारणपणे सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. त्यामुळे गरीब भाडेकरूला संरक्षण मिळाले. तथापि मालकाने दुरुस्तीकडे पाठ फिरविली आणि भाडेकरूलाही तेवढ्या भाड्यात दुसरी जागा मिळेना. मुलांची लग्ने त्याच खोलीत झाली. फळ्यांचे किंवा प्लायवुडचे विभाजक घालून एका खोलीच्या दोन झाल्या. अशा विभाजनाने एकांत मिळतो, परंतु जमिनीचा आळीपाळीने उपयोग करण्याची सोय जाते आणि आतल्या अर्ध्या भागात उजेड व वारा पोहोचत नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेक घरांतील पुरुष बेकार झाले. दिवसा रिकामी राहणारी जागाही त्यामुळे उरली नाही.

वरळी, नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील १९५ बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचा आरंभ २०१७ मध्ये झाला. योजनेनुसार प्रत्येक पात्र रहिवाशाला ५०० चौ. फूट (सु. ४६.५ चौ. मी.) चटई क्षेत्राचे स्वयंपूर्ण घर देण्यात येते. वरळी येथील पहिल्या घरांचा ताबा २०२५ मध्ये देण्यात आला. क्षेत्रफळ तिपटीहून अधिक झाले, संडास व न्हाणीघर घरात आले, स्त्रियांना व आजाऱ्यांना आडोसा मिळाला. हा लाभ निर्विवाद आहे. बदलले ते मोजमापाचे स्वरूप. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार चटई क्षेत्रात बाहेरच्या भिंतींच्या आतील वापरण्याजोगी जमीन धरली जाते. खाजगी सज्जा व गच्ची तीतून वगळली जाते आणि सामाईक जागा तर गणनेतच नसते. जुन्या चाळीतील १६० चौ. फुटांच्या आकड्यात बोळ, जिना व अंगण यांचा समावेश कधीच नव्हता, तरी संसार त्यांवर पसरलेला होता. उंच इमारतीतील उद्‌वाहनासमोरची मोकळी जागा आणि जिना अग्निसुरक्षेसाठी मोकळे ठेवावे लागतात. तेथे अंथरूण घालता येत नाही, पापड वाळविता येत नाहीत आणि वृद्धांना खुर्ची टाकून दिवसभर बसताही येत नाही. ही सर्व कामे आता दाराच्या आत आली आहेत आणि त्यांच्यासाठी जागा ५०० चौ. फुटांतूनच काढावी लागते.