एलसीडी पडदा बाजूने फिका का दिसतो?

संगणकासमोर बसणाऱ्यास पडदा स्वच्छ दिसतो. पण त्याच पडद्याभोवती पाच विद्यार्थी बसवले की कडेच्या विद्यार्थ्याला काळी अक्षरे राखाडी दिसू लागतात. उर्दूतील नुक्ता किंवा मराठीतील अनुस्वार त्याच्या नजरेतून सुटतो. हा दोष 'ट्विस्टेड नेमॅटिक', म्हणजेच टीएन, प्रकारच्या पडद्यात विशेष आढळतो. पडद्याचा उजेड वाढवून तो जात नाही, कारण दोष उजेडात नसून काळ्या रंगात आहे.

टीएन पडद्यात दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा अतिशय पातळ थर असतो. त्याचे काडीसारखे रेणू एका काचेपासून दुसरीपर्यंत ९० अंशांचा पीळ घेतात. काचांच्या बाहेर दोन ध्रुवक परस्परांशी काटकोनात बसवलेले असतात. विद्युतदाब नसताना हा पीळ प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळवतो व प्रकाश बाहेर पडतो. दाब दिला की रेणू उभे राहतात, प्रकाश वळत नाही आणि दुसरा ध्रुवक त्याला अडवतो. तो ठिपका काळा दिसतो.

मात्र तिरका जाणारा प्रकाश या उभ्या काड्यांमुळे भिन्न वेगाच्या दोन घटकांत विभागला जातो. यालाच द्विअपवर्तन म्हणतात. त्यामुळे थोडा प्रकाश ध्रुवकातून निसटतो आणि काळा रंग फिका पडतो. शिवाय काचेलगतचे रेणू पूर्ण उभे राहत नाहीत; त्यांचा कल थराथराने बदलतो.

यावरील उपाय चकतीसारख्या रेणूंत सापडला. अशा रेणूंचे द्रवस्फटिक एस. चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ मध्ये प्रथम दाखवून दिले. चकतीचे द्विअपवर्तन काडीच्या उलट असते. जपानच्या फुजी कंपनीने १९९०च्या दशकात पारदर्शक फिल्मवर चकत्यांचा थर देऊन त्यांचा कल क्रमाक्रमाने बदलत नेला. काच व ध्रुवक यांमध्ये दोन्ही बाजूंस ही फिल्म लावली की काड्यांनी घडवलेला बदल चकत्या बऱ्याच अंशी रद्द करतात. फिल्म प्रकाश वाढवत नाही. निसटणारा प्रकाश रोखते.

तरीही खालून पाहताना छटा उलटण्याचा दोष पूर्णपणे जात नाही. आयपीएस पडद्यात रेणू काचेला समांतर राहूनच फिरतात, म्हणून तो या बाबतीत सरस ठरतो. तेव्हा वर्गासाठी पडदा निवडताना गडद चित्र लावून ते कडेच्या बाकावरून व खालूनही पाहावे.