देणं-घेणं समसमान, तरी बिघाड

एका आडव्या दोरीला दोन सारखे लंबक टांगा आणि एकाला झोका द्या. थोड्या वेळात तो मंदावतो, दुसरा झुलू लागतो. मग पुन्हा उलट. आता पहिल्याला दर झोक्याला किंचित ढकला आणि दुसऱ्याला तेवढंच रोखा. आलटून-पालटून झुलणं चालूच राहतं. मात्र हे ढकलणं-रोखणं दोरीच्या जोडणीला भारी पडलं की दोघांमधला व्यवहार तुटतो. एक चढत जातो, दुसरा त्याला आवरू शकत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसचे भौतिकशास्त्रज्ञ कार्ल बेंडर यांनी २०१३ मध्ये दोन लंबकांचा असा प्रयोग प्रसिद्ध केला, तो पुंजभौतिकीतलं एक कोडं उलगडून दाखवायला.

पुंज प्रणालीची ऊर्जा ज्या गणिती राशीतून निघते, ती ‘हर्मिशियन’ हवी, हा पाठ्यपुस्तकांचा दंडक. मग ऊर्जा वास्तव संख्येतच येते आणि कुठे गळती होत नाही. १९९८ मध्ये बेंडर आणि स्टेफान बोएटशर यांनी हा दंडक मोडणाऱ्या राशी मांडल्या, तरी ऊर्जा वास्तवच! कारण त्यांत वेगळी सममिती होती: आरशातल्यासारखं डावं-उजवं बदला, सोबत काळ उलटा फिरवा, प्रणाली होती तशीच.

दोन पातळ्यांचं उदाहरण घ्या. एकीत भर, दुसरीत तेवढीच गळती. जोडणीच्या वर्गातून गळतीचा वर्ग वजा करून वर्गमूळ काढायचं. जोडणी ५, गळती ३, तर ऊर्जा अधिक किंवा उणे ४. आकडे उलटे करा, वर्गमूळाखाली उणे १६ येतात. ऊर्जा काल्पनिक, म्हणजे एक अवस्था फुगणार, दुसरी विझणार. गंमत अशी, की नियमाची सममिती दोन्ही वेळा शाबूत असते. पक्षपाती होतात त्या अवस्था.

जोडणी आणि गळती सारखी झाली की दोन अवस्था एकच होतात. त्या बिंदूवर दहा हजारांश धक्का शंभरांशाएवढा दिसतो, ही वर्गमूळाची किमया. त्यावरून अतिसंवेदनशील संवेदकांची स्वप्नं रंगली, पण तिथे गोंगाटही वाढतो, म्हणून मी अजून तरी टाळ्या वाजवणार नाही.

२०१० मध्ये प्रकाशवाहिन्यांत भर-गळतीची ही सममिती आणि अवस्थांचं पक्षपाती होणं दिसलं. खऱ्या पुंज प्रणालीत पंचाईत वेगळी: भर घालावी, तर तीच गोंगाट आणते. २०१९ मध्ये बेंडर यांच्याच विद्यापीठातल्या केटर मर्च यांच्या गटाने तीन पातळ्यांचं अतिवाहक परिपथ घेतलं, भर न घालता वरच्या दोनच पातळ्या प्रणाली मानल्या आणि ज्या फेऱ्यांत ऊर्जा तळाला गळाली, त्या सरळ वगळल्या. ही लबाडी वाटेल, पण नाही: हर्मिशियन नसलेला हा नियम न गळालेल्या फेऱ्यांचाच तर आहे.